लालासाहेबांचं नाव राहिलं

राणीने ब्लॉगसाठी लिहिलेला मोबाइलवरचा मजकूर वाचून संपवला आणि सासऱ्यांकडे पाहिलं. नानासो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. वाचन सुरू होताना त्यांनी हातातला धोटा थांबवला होता, तो अजून थांबलेलाच होता. मजकूर चांगला उतरला होता. मेंढरांची कातरणी, चरख्यावरचं सूत, चिंचोक्याची खळ, मागावरची आठ-आठ दिवसांची मेहनत, सगळं तिने नेमकं लिहिलं होतं. सासूबाईंनी, म्हणजे धोंडुबाईंनी, ऐकताना दोनदा डोळ्यांना पदर लावला. तशा त्या सोसायटीच्या सभेची दवंडी ऐकतानाही पदर लावत, पण तेवढं सोडून देऊ.

"झालं?" नानासोंनी विचारलं.

"झालं की मामा. कसं वाटलं?"

"नावं कुठायत?"

"कसली नावं?"

"भावकीची."

राणीला वाटलं, मामा चेष्टा करतात. पण नानासो घोंगड्याच्या आणि भावकीच्या बाबतीत चेष्टा करत नसत, आणि इथे तर दोन्ही एकत्र आलं होतं.

आटपाडीच्या रस्त्यावरच्या त्या गावात एके काळी घरोघरी माग होते. आता एकच उरला होता, नानासोंचा. मेंढरं राखणारी माणसंसुद्धा आताशा बाजारातली गुलाबी फुलांची ब्लँकेटं पांघरत, आणि नानासोंच्या घोंगड्यांची चळत माळ्यावर दोन वर्षं पडून होती. नानासोंचा मुलगा सूरज याला शिरवळच्या एका कारखान्यात काम मिळत होतं, दसऱ्यानंतर रुजू व्हायचं. राणीला शिरवळ नको होतं. तिने विट्याला बचत गटाच्या शिबिरात ऐकलं होतं की दुकान गावात असलं तरी ब्लॉग जगात असतो. तेव्हा नागपंचमीच्या दिवशी नवराबायकोत करार झाला. दसऱ्यापर्यंत ब्लॉगवरून वीस घोंगडी विकली गेली तर राहायचं, नाही तर बोचकं बांधायचं.

हा करार नानासोंनी मागावर बसून ऐकला होता. "तुमचं तुमी बगा," एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी विणलेल्या वीतभर पट्टीतले तीन धागे त्यांना उसवावे लागले, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

तर, नावं. राणीने समजावून पाहिलं की ब्लॉग म्हणजे लग्नपत्रिका नव्हे. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला आपल्या चुलत्यांशी काय देणंघेणं?

"त्यास्नी न्हाई," नानासो म्हणाले, "पर भावकी वाचल का न्हाई?"

भावकी वाचणार होती. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ब्लॉग टाकायचं राणीनेच आदल्या दिवशी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. आपल्याच दाव्याने ती बांधली गेली.

मग दोन दिवस नावांचं काम चाललं. मजकूर अकरा ओळींचा आणि नावं त्रेचाळीस. कोणाच्या नावाआधी कोण, कोणाला 'श्री.' आणि कोणाला 'ह.भ.प.', सोयऱ्यांतलं कोण घ्यायचं आणि एकाला घेतलं तर कोणाकोणाला घ्यावं लागतं, याचा नानासोंनी इतका बारीक विचार केला की तेवढ्या वेळात एक घोंगडं विणून झालं असतं. शेवटी किलबिल म्हणून पोरंसोरंही आली. सगळ्यात खाली भावकीतली सर्वांत धाकटी ओवी होती. तिला नुकते दोन दात आले होते.

अडलं ते पहिल्या नंबरावर. भावकीतले दादासो वयाने मोठे, तर लालासाहेब पातीने, म्हणजे घराण्याच्या शाखेने, थोरले. लालासाहेब म्हणजे नानासोंचे चुलत भाऊ. वीस वर्षांमागे पलूसला जाऊन त्यांनी द्राक्षबाग केली होती, पण गावातला मान तिकडे बसूनही ते मोजून घेत. नानासोंनी त्यांना सकाळी पहिले ठेवलं, दुपारी तिसरे केलं आणि चहाच्या वेळेला म्हणाले, "लालाला तितनं काड. वर घे."

राणीने लालासाहेबांचं नाव तिसऱ्या जागेवरून उचललं, आणि ती वर चढवणार तोच दारात साक्षात दादासो उभे राहिले. ज्याच्या मानाचा निकाल चालू आहे तोच माणूस दारात आला की काय होतं, हे सांगायला नको. राणीने मोबाइल पालथा घातला. नानासोंनी उगाचच पावसाचा विषय काढला. चहा झाला, पान झालं, दादासोंच्या गुडघ्याची सगळी हकीकत झाली. ते गेल्यावर राणीला वाटलं, नाव चढवून झालंय. तिने बोट दाबलं आणि मजकूर जगात गेला.

पहिल्या दिवशी ब्लॉग शेहेचाळीस जणांनी वाचला. त्यातले बेचाळीस आपलं नाहीतर आपल्या पोराबाळांचं नाव बघायला आले होते. त्रेचाळिसावे लालासाहेब. त्यांनी सुनेकडून, सृष्टीकडून, तो तीनदा वाचून घेतला, तिसऱ्यांदा खालून वर. मग तिलाच लिहायला बसवलं. मजकुराखाली पहिली प्रतिक्रिया उमटली ती अशी:

"तीन येळा वाचलं. आमचं नाव न्हाई. आमी मेलो असलो तर निदान आमाला तरी कळवायचं. — लालासाहेब, पलूस."

राणीने हातातलं काम टाकलं. तिने घाईघाईने नाव घातलं. घाईत ते शेवटीच घालता आलं, ओवीच्या खाली. तासाभरात दुसरी प्रतिक्रिया आली.

"पंगतीतनं उठवलेल्या मानसाला मागनं ताट वाढू नका. त्यात वाढलं ते बी तान्ह्या पोरीच्या पानाखाली."

राणीने हात जोडून सांगितलं, मामा, फोन करा आणि मिटवून टाका. नानासोंनी नकाराची मान हलवली. चारचौघांत झालेलं चारचौघांतच निस्तरावं लागतं, असा त्यांचा नेम होता. त्यांनी मागावर बसूनच उत्तर सांगितलं आणि राणीने लिहून घेतलं. त्यांना माफीच मागायची होती. पण नुसती माफी कोरडी वाटेल म्हणून त्यांनी थोडा जिव्हाळा घातला, आणि तिथेच घात झाला. ज्या भावाला त्याच्या लग्नात आपल्या हातचं पहिलं घोंगडं दिलं, त्या भावाला आपण विसरू का, असं त्यांनी विचारलं.

पलूसहून उत्तर आलं, "त्येच घोंगडं व्हय? तीस वर्सं टोचतंय."

आता नाना माफीचे राहिले नाहीत. नावावरून बोला, पातीवरून बोला, पण विणलेल्या मालाला नाव ठेवलं की त्यांच्या कानशिलाची शीर उडायची. ते खड्ड्यातून उठून उभे राहिले. "लिव," ते म्हणाले. "तीस वर्सं टोचतंय म्हंजी तीस वर्सं टिकलंय. आजकाल दाराचं कुलूप तीस वर्सं टिकत न्हाई."

राणीने कपाळाला हात लावून ते लिहिलं. धंदा बुडाला, असं तिने सूरजला सांगितलंही. सूरजने शिरवळला न्यायच्या बॅगेची चेन चालते का ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भांडणाच्या खाली पुण्याच्या एका अनोळखी गृहस्थांनी लिहिलं होतं: "तीस वर्षं टिकलेलं ते हेच का? मला एक हवं आहे."

राणीने ते चार वेळा वाचलं. मग धोंडुबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पदर लावला.

लालासाहेबांना हे गिऱ्हाईक दिसलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. नानाच्या मालाची पार अब्रू काढायची म्हणून त्यांनी सविस्तर लिहवून घेतलं. हे घोंगडं आपण बागेतल्या पाण्याच्या मोटारीवर टाकलं, त्यावर बैल बसवला, दोन पावसाळे फवारणीच्या औषधाच्या पिंपाखाली अंथरलं, तरी ते फाटत नाही. फाटलं असतं तर फेकून तरी दिलं असतं. हे वाचून नाशिकहून दोन आणि हुबळीहून एक अशी मागणी आली.

लालासाहेब आणखी पेटले. पावसात या घोंगड्यातून पाण्याचा थेंब आत येत नाही, त्यामुळे पाऊस थांबलाय की चालू आहे हे माणसाला कळत नाही, अशी त्यांची पुढची तक्रार होती. आणखी पाच घोंगडी गेली. त्यानंतर त्यांनी आपला हुकमी पत्ता काढला:

"थंडीत पांघरलं की सकाळी उठवत न्हाई. ह्या घोंगड्यापायी माजी पान्याची पाळी दोनदा चुकली. त्येची भरपाई नाना देनार हाय का?"

यावर बर्फाळ मुलखात नोकरी करणाऱ्या एका सुभेदाराने एकदम सहा घोंगडी मागवली. आणखी दोन कुठून कुठून आली. सगळी मिळून सतरा झाली.

घरात चैतन्य आलं. राणी उठल्या उठल्या तोंड न धुता विचारायची, "लालामामांचं काय आलं का?" सूरज सुतळीने गठ्ठे बांधायचा आणि टपालात टाकून यायचा. बॅगेबद्दल तो काही बोलत नव्हता, पण गठ्ठे मात्र घट्ट बांधत होता. माळ्यावरची चळत अशी उतरली की नानासोंनी किती दिवसांनी नव्या घोंगड्याचा ताणा लावला. विणता विणता ते उत्तरं सांगत. त्यांच्या भाषेला आता अशी धार आली होती की राणीला एक अक्षर बदलावं लागत नव्हतं. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांची तब्येत सुधारली होती. सृष्टीने राणीला गुपचूप कळवलं की आमचे मामा हल्ली भाकरी एक जास्त खातात.

असं सुखाचं भांडण चाललं होतं, आणि कुणाचं सुख भावकीला बघवतं? दादासोंच्या कानावर गेलं की दोघा भावांचं भांडण सगळं जग वाचतंय. भावकीची लाज निघाली म्हणून त्यांनी मिटवामिटवीचा विडा उचलला. राणी घाबरली. पितृपंधरवडा चालू आहे, या दिवसांत शुभकार्य नको, असं तिने सुचवून बघितलं. भाऊ-भाऊ एक व्हायला मुहूर्त लागत नाही, असं म्हणून दादासो चार माणसं जीपमध्ये घालून पलूसला गेले आणि लालासाहेबांना घेऊनच आले.

बैठक झाली. फेटा झाला, टॉवेल-टोपी झाली, श्रीफळ झालं. दादासोंनी मोठ्या मनाने पहिला नंबर सोडला आणि राणीने सगळ्यांसमोर लालासाहेबांचं नाव सर्वांत वर घातलं. लालासाहेबांनी चष्मा लावून ते स्वतः वाचलं. मग दोघे भाऊ गळ्यात पडले. धोंडुबाईंचा पदर आता पिळण्याजोगा झाला होता. पुरणपोळी खाऊन लालासाहेबांनी तिथल्या तिथे प्रतिक्रिया सांगितली: "घोंगडं उत्तम हाय. आमच्या नानासारखा मानूस न्हाई."

त्याखाली कुणीतरी लिहिलं, "झाली जाहिरात सुरू."

आणि मागण्या थांबल्या. दोन दिवस गेले, चार गेले, आठवडा गेला. राणीने लोकरीवर लिहिलं, मेंढरांवर लिहिलं, खळ कशी शिजवतात त्यावर तर फार सुंदर लिहिलं. भावकीने सगळ्यावर नमस्काराचे हात टाकले. गिऱ्हाईक फिरकलं नाही. आकडा सतरावर रुतून बसला. दसरा पाच दिवसांवर आला तेव्हा सूरजने शिरवळच्या मित्राला खोलीचं विचारलं. राणीने ते ऐकलं आणि आपली दोन पातळं घडी करून बाजूला ठेवली. आपण हरलो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी नानासोंनी धुतलेलं धोतर नेसलं. आटपाडीला एक मेंढा बघून येतो, असं सांगून ते पलूसच्या एसटीत बसले.

लालासाहेबांनी भावाला ओसरीवर बसवलं. त्यांच्या बायकोने, मनुबाईंनी, चहा आणला. इकडचं तिकडचं झालं. मग नानासो खाली बघून म्हणाले, "लाला, जरा रुस की."

"मिटलंय की आता."

"मिटलंय म्हनूनच म्हनतो."

लालासाहेब विचारात पडले. भावाची अडचण त्यांना कळली होती, पण त्यांच्यापुढे तत्त्वाचा प्रश्न होता. "कारन पायजे, नाना," ते म्हणाले. "बिनकारनाचा मी आजवर कवा रुसलो न्हाई."

स्वयंपाकघरात मनुबाईंना एकदम खोकल्याची उबळ आली.

नानासोंना मग राहवलं नाही. पोरं दसऱ्यानंतर शिरवळला चालली, हे त्यांनी सांगून टाकलं. "पोरगं गेलं तर एकवेळ जाऊ दे. पर ती राणी बी जानार. सकाळी मागावर बसलो की ती यिऊन इचारती, मामा, आज काय लिवू? लाला, घरात मला कुनी काय इचारावं, आसं हुतं कवा? गप बसून विनायचं, एवढंच काम हुतं मला." बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला आणि ते धोतराचा सोगा शोधू लागले.

"मग त्यास्नी सांग की, जाऊ नगा म्हनून."

"बापानं सांगायचं आसतं व्हय आसलं?"

लालासाहेबांचेही डोळे भरून आले. ते जवळ सरकले, भावाच्या पाठीवर हात ठेवला. हात फिरवता फिरवता मध्येच थांबला.

"हे जायाचं कवा ठरलं?"

"नागपंचमीला."

"म्हंजी मला फेटा बांधला तवा ठरल्यालंच हुतं?"

"व्हय."

"दादासोला म्हाईत हाय?"

"हाय की. त्येनंच बॅग दिलीय."

"आन् मला न्हाई."

लालासाहेबांनी पाठीवरचा हात काढून घेतला. ते उठले, चहा तसाच ठेवला आणि आत निघून गेले. नानासो बराच वेळ वाट बघत बसले. शेवटी मनुबाई बाहेर आल्या.

"भावजी, तुमी जावा आता," त्या म्हणाल्या. "रुसलं."

नानासो एसटीत बसेपर्यंत पलूसहून ब्लॉगवर मजकूर पोचलासुद्धा. राणीने तो परसात उभ्याने वाचला:

"भावकीनं नीट वाचावं. नानाचं पोरगं न् सून शिरवळला चाललीत. दादासोला म्हाईत, आमाला न्हाई. आमचं नाव वर, ते फकस्त लिवायला. आन् हा नाना आज माज्या ओसरीवर बसून रडला. सून जाऊ नये म्हनून. पोरांस्नी सांगायला ह्येला तोंड न्हाई, मला सांगायला यस्टीनं आला. जो मानूस घरात बोलत न्हाई त्येच्या घोंगड्यात काय ऊब आसनार?"

राणी तिथेच दगडी डोणीवर बसली. मजकुराखाली बघता बघता लोक जमले. सुभेदारांनी लिहिलं की ऊब आहे, आम्ही रोज घेतो, सुनेला जाऊ देऊ नका. नाशिककरांनी आणखी एक घोंगडं मागितलं, पुणेकरांनी शेजाऱ्यांसाठी एक. एकोणीस झाली. दिवेलागणीपर्यंत राणी विसाव्याची वाट बघत राहिली. ते काही आलं नाही.

नानासो घरी आले तेव्हा सूरज पडवीत गठ्ठा बांधत होता आणि राणी हातात मोबाइल धरून दारात उभी होती. मेंढा पसंत पडला का, असं धोंडुबाईंनी विचारलं. त्यावर नानासो काही बोलायच्या आत राणीने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचून दाखवलं. वाचताना ती दोनदा थांबली.

"खरं हाय का ह्ये, मामा?"

नानासोंनी टोपी काढली, झटकली, परत घातली. सूरजच्या हातातली सुतळी तशीच राहिली होती.

"उत्तर लिव," नानासो म्हणाले. "नानासो रडला न्हाई. डोळ्यांत लोकर गेली हुती."

"पलूसला लोकर कुठनं आली?"

"तू लिव गं."

राणीने लिहिलं. एका हाताने डोळे पुसावे लागत होते आणि हसूही येत होतं, त्यामुळे अक्षरं शोधायला तिला वेळ लागला. मामांना आपण हवे आहोत हे तिला आज कळत होतं, आणि तेही पलूसमार्गे. ती पाठवायचं बोट दाबते तोच सूरज उठला. त्याने दोन महिन्यांत ब्लॉगवर एक शब्द लिहिला नव्हता. त्याने बायकोच्या हातातून मोबाइल घेतला, उभ्या उभ्या काहीतरी टाइप केलं, मोबाइल परत दिला आणि पुन्हा गठ्ठ्याकडे जाऊन बसला.

राणीने पाहिलं. "आम्ही कुठं जात नाही. — सूरज."

"एकच कमी हाय," ती हळूच म्हणाली. "एकोणीसच झाल्यात."

"मला मोजाया येतंय," सूरज म्हणाला आणि त्याने सुतळीची गाठ मारली.

 नानासो जाऊन मागावर बसले. खड्ड्यात पाय सोडले, धोटा उचलला, आणि मग ठक ठक असा एकसारखा आवाज सुरू झाला. धोंडुबाईंनी पदर शोधला. राणीला वाटलं, झालं, आता सगळं गोड झालं.

तेवढ्यात तिच्या हातातला मोबाइल थरथरला. सूरजच्या ओळीखाली पलूसहून नवी ओळ आली होती:

"ह्ये बी मला हितंच वाचून कळतंय."